खंडेनवमीचा डबा

डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, हे मला चांगलं माहीत होतं. तरी महिनाभर मी तो आवाज पंख्याचा आहे अशी स्वतःची समजूत घातली. नोकरीत मी लोकांना बॅकअपवर व्याख्यानं झोडते, आणि घरी ही तऱ्हा.

कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर एक छोटा सर्व्हर आहे. आत दोन डिस्क, दोन्हींवर अगदी तेच. एक गेली तर ती काढायची, नवी बसवायची, की उरलेलीवरून सगळं पुन्हा उतरतं. त्यावर लग्नाचे फोटो आहेत, कागदपत्रं आहेत, नवऱ्याचे ट्रेकचे कधीच न बघितलेले व्हिडिओ आहेत. पण मी तो सर्व्हर उभा केला तो चार मिनिटांच्या एका रेकॉर्डिंगसाठी.

फोन समोर धरला की आई तोंड मिटून घ्यायची. "माझा आवाज नक्को गं भरूस, आणि कुठे पाठवू तर मुळीच नक्को," म्हणायची. ती गेली तेव्हा तिचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र एकाच जागी होता. मी बाबांना बगारा बैंगन कसं करतात ते सांगायला बसवलं होतं. बाबांनी सांगताना वांगी तळून होतात न होतात तोच चिंच घातली, आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "चिंच शेवटी हो! शेवटी! हौले, येडे झालात का काय?" आणि हसली. बास. बाबा पुढची दोन मिनिटं खजील होऊन बोलत राहतात आणि मागे भांडी वाजतात. वर्षभरात बाबाही गेले. आईची ताकीद मोडायची नाही म्हणून ते रेकॉर्डिंग मी कुणाला पाठवलं नाही, इंटरनेटवरही कुठे चढवलं नाही.

एक प्रत मात्र दुसऱ्या घरात हवी, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बाबांचे दिवस झाल्यावर मी तिसरी डिस्क भरली, आईच्याच एका स्टीलच्या डब्यात ठेवली आणि दादाच्या हातात दिली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बरकतपुऱ्याच्या आईबाबांच्या घरात आता तो आणि वहिनी दोघंच राहतात. "यात आई आहे," मी म्हटलं. त्याचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं, यंत्रं पाटावर मांडून पूजा होते. दादा दरवर्षी फोटो पाठवायचा. बाबांचे पाने, वहिनीचं शिलाई मशीन, आणि मधोमध तो डबा, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. खाली लिहिलेलं, "तुझं सामान सुखरूप." मी जोडलेले हात पाठवायची. ऑफिसात कुणी "बॅकअप आहे" म्हणालं तर मी उघडून दाखवायला लावते. इथे डब्यावर कुंकू दिसलं की माझं समाधान व्हायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी सर्व्हरने एक डिस्क नापास केली. मी ती काढली, नवी बसवली. खरं तर जुनी तशीच ठेवून नवी जोडायला हवी होती, पण माझ्या पेटीत तिसरीला जागाच नाही. दुपारभर किती टक्के उतरलं त्याचा आकडा चढत होता. मग अडखळला. उरलेली डिस्कही पहिलीच्याच वयाची, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली. ती कुठेतरी आतून खराब झालेली होती आणि आजवर गप्प होती. काढलेली जुनी परत लावून पाहिली, ती फिरेनाच. संध्याकाळी काम संपलं तेव्हा वाचता न आलेल्या फाइलींच्या यादीत एकच नाव होतं. बगारा बैंगन.

मी घाबरले नाही. अगदी खरं सांगते, मला उलट जरा ऐटच वाटली. तिसरी प्रत होती ना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मेट्रोने आणि पुढे ऑटोने बरकतपुऱ्याला गेले. दादाने गेटवर बसवलेला कॅमेरा माझ्याकडे बघत होता. मी कारण सांगितल्यावर दादाने डबा आणायला जरा जास्तच वेळ लावला. झाकणावर दर वर्षीच्या कुंकवाचे थर होते. हातात घेताच वजनावरून कळलं, तरी मी उघडला. आत एक वाळलेलं फूल होतं.

"दादा, डिस्क?"

"अगं, ती ना, गेटवरच्या कॅमेऱ्याचं भरून ठेवणाऱ्या पेटीत लावली." तो वहिनीकडे बघत बोलत होता. "त्यातली बिघडली होती. बाबा गेल्यावर आम्ही दोघंच इथे, हिला भ्या वाटायचं. तो कॅमेरावाला म्हणाला, घरात एखादी असली तर द्या."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. तुझ्याकडे दोन होत्या की! तूच बोलली होतीस."

"आणि फोटो?"

"पूजा तर मनापासून केली ना गं. तुला उगाच फिकर कशाला म्हणून…"

डिस्क घेतली हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. त्याने मागितली असती तर मी दुसरी आणून दिली असती. पण दर वर्षी तो रिकामा डबा पुसत होता, फूल ठेवत होता, फोटो काढत होता, आणि मी हात जोडत होते. माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं, आणि तेही देवासमोर. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. मी डब्याचं झाकण परत लावलं.

त्याला वाटलं, मी निवळले. मला हाताला धरून त्याने टीव्हीसमोर उभं केलं. "ये, बघ तरी, वाया नाही गेली. किती साफ दिसतं." पडद्यावर गेट होतं. त्याने थोडं मागे नेलं. मी ऑटोतून उतरले, ओढणी सावरली, कडी काढली, आणि तोंड उघडून आत कुणाला तरी हाक मारली. आईला पुसून तिच्या जागेवर आता हे भरलेलं होतं.

"आवाज?" मी विचारलं.

"आवाज नसतो गं याला," दादा म्हणाला. "नुसतं दिसतं."

मी डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि गेट ओढून घेतलं. तेही भरलं गेलं असणार.