पाइल मोडणारा भाडेकरू

उभ्या जन्मात मी पुष्कळ येडे पाहिले, पण धडधाकट वस्तू मोडून खूश होणारा माणूस एकच, माझा भाडेकरू. भीमपूरकडं आमच्या नदीवर पूल होत होता, त्याचा तो इंजिनेर, नांदेडकडचा. बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी त्याला एक खोली दिली. आल्या दिवशीच त्यानं माझ्या चौकटीला खांदा लावून जोर केला. मग गोठ्याच्या खांबाला, मग विजेच्या. शेजारच्या लग्नात मांडवाची मेढ अशी रेटली, की नवरदेवाचा मामा ओरडला, "अबे, मांडव पाडतं काय?" हा शांतपणे म्हणतो, "वरचं वजन कुणीही पेलतं हो. बाजूनं रेटल्यावर खरं कळतं." जेवतानाही भात दाबून त्यात शेवग्याची शेंग उभी रोवायचा न् बोटानं ढकलायचा. मी म्हणलं, "खा ना बाप्पा, काऊन छळून राह्यला तिले?"

एका संध्याकाळी तो फोनवर बोलला, "उद्या पाइल मोडूनच टाकतो."  आमच्याकडं फाइलीतला 'फ' कुणाच्या तोंडून धड निघत नाही. कचेरीतल्या कागदांना आमी पाइलच म्हणतो. मला वाटलं, पुलाचे कागदच गेले! मागच्या पुरात बायकोला खाटेवर घालून मी याच नदीच्या काठावर बसलो होतो. पलीकडं दवाखान्याची गाडी उभी दिसत होती. पाणी उतरेपर्यंत बायको राहिली नाही. सकाळी दहा जण घेऊन मी पुलाच्या कामावर गेलो न् त्याला म्हणलं, "पाइल दे आमची!"

"मामा, उचलणार कशी? ती जमिनीत आहे!" तो हसला.

खोल भोक पाडून त्यात सळया न् काँक्रीट भरलेला खांब, त्याला हे लोक पाइल म्हणतात. पुलाच्या ओळीबाहेर एक मुद्दाम मोडायलाच केला होता. त्यानं आडवा जॅक लावला, आणि तो एवढा जाडजूड खांब डोळ्यांदेखत वाकला हो!  मागं मातीत हात जाईल एवढी फट पडली. जॅक सोडला तर थोडा परत आला, पुरता नाही. वर एक चीर नाही. मी म्हणलं, "चांगला तर हाये." त्यानं माती उकरायला लावली. कमरेइतकं खाली गेल्यावर दिसल्या, आडव्या चिरा, पार सळईपर्यंत.

"मामा, जोर वर लागतो, तडकतं खाली."

मी त्या खड्ड्यात पाहतच राहिलो. मग विचारलं, "बाकीचे टिकतीन काय, पुरात?"

त्याचं हसू गेलं. "पुराचा जोर आज लावला त्याच्या निम्माही नाही. ते कळावं म्हणून तर हा मोडला."

पूल झाला, इंजिनेर दुसऱ्या नदीवरच्या कामाला गेला. परवा पाणी फुगलेलं होतं. या काठाला मी विडी पेटवली न् पुलावरून चालत निघालो. पलीकडं पोचलो तेव्हा ती अर्धीही जळली नव्हती. दवाखान्याची गाडी तेव्हा उभी होती, तिथंच मी बसलो. त्याला फोन लावला. तो "मामा, मामा" करत राहिला, मी फोन पाण्याच्या आवाजाकडं धरला.