हॉलला गेटं किती?

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस मुलामुलीची नावं वाचतो, मुहूर्त बघतो, जेवण आहे की नुसतं आइस्क्रीम याचा अंदाज घेतो. दत्तूअण्णा पत्रिका न उघडताच विचारत, "हॉलला गेटं किती?"

कारण लग्नात त्यांना रस नव्हताच. मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगती हा सगळा त्यांच्या लेखी ताटकळण्याचा वेळ होता. खरा कार्यक्रम म्हणजे रिसेप्शन आटोपून नवराबायको गाडीत बसतात तो. त्याला ते 'सेंडऑफ' म्हणत. तो 'मेमरेबल' व्हावा म्हणून जयनगरातल्या तमाम मराठी घरांना त्यांनी वेठीला धरलं होतं. माझ्या वडिलांचे ते चुलतभाऊ, म्हणजे माझे काका; पण आमच्या बंगळुरी मराठीत काकाचाही अण्णाच होतो. त्यांचं दिव्यांचं दुकान होतं, आणि दुकानातल्या झुंबरांइतकाच त्यांना स्वतःच्या बुद्धीचा लखलखाट वाटे.

एका लग्नात त्यांनी कबुतरं सोडली. म्हणजे सोडायची ठरवली. टोपलीचं झाकण उघडलं तर कबुतरं आतच बसून राहिली. अण्णांनी टोपली पालथी केली, तेव्हा ती शांतपणे चालत बाहेर आली आणि नवरीच्या पायांशी सांडलेल्या अक्षता टिपायला लागली. नवरी किंचाळली, नवऱ्याची आजी खुर्चीवर चढली. अण्णा मला म्हणाले, "नोडी, बघ, कुणी विसरेल का हे? सांग!" यशाची त्यांची व्याख्या एवढी सोपी होती की त्यांना अपयश येणंच शक्य नव्हतं.

अशा माणसाच्या हाती आम्ही माझ्या धाकट्या बहिणीची, मंजूची पाठवणी दिली. दिली कसली, त्यांनी घेतली.

नितीन, म्हणजे मंजूचा नवरा, पुण्याचा. इथेच इंदिरानगरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याला अमेरिकेची नोकरी लागली होती. सकाळी लग्न, दुपारी रिसेप्शन आणि तिथून थेट विमानतळ, असा बेत होता. बाबांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. मंजू परत कधी येईल आणि तोवर बाबा असतील का, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्याच तोंडात नव्हता. बाबांनी एवढंच सांगितलं, "मला पुढच्या गेटाशी बसवा. मंजूच्या हातावर दही मी ठेवणार."

बालवाडीपासून प्रत्येक परीक्षेला निघताना तिच्या तळहातावर दही बाबाच ठेवत. आईनं ठेवलेलं तिला चालत नसे.

मी हे अण्णांना सांगायला गेलो. ते कल्याणमंटपाच्या आवारात पांढऱ्या ॲम्बॅसडरला मोगऱ्याचे पडदे लावत होते. खिडक्यांवर मोगरा, मागच्या काचेवर मोगरा, इतकंच काय, ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्या मध्येही मोगरा. "प्रायव्हसी!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, गाडी पुढच्या गेटाशी जरा थांबवा हं. बाबा दही देणार आहेत."

"थांबवायची? अरे, सगळे पुढे वाट बघत असणार, आणि गाडी येणार मागच्या गेटातून, वळसा घालून, एकदम! वरून गच्चीतून मी पाकळ्या सोडणार. बँड वाजणार. त्यात तुझं दही कुठे बसवू?"

"माझं नाही, बाबांचं."

"आधी सांगायचं ना. स्वल्प ॲडजस्ट करा. खिडकीतून टाटा करेल ती."

खिडकीत मोगरा होता, हे मी म्हणायला हवं होतं. म्हणालो, "सरी अण्णा," म्हणजे 'बरं अण्णा'. अण्णांसमोर माझ्या तोंडून आयुष्यभर एवढंच बाहेर पडत आलं आहे. वर मला कामही मिळालं. दोघं गाडीत बसली की मी मागच्या गेटातून खिशातला लाल रुमाल काढून हलवायचा, तो बघून ड्रायव्हर गाडी सोडणार. बँकेत अधिकारी असलेला चाळिशीचा माणूस मी, डोक्याला फेटा बांधून रुमालाची प्रॅक्टिस करत होतो.

दुपारी मंजू आणि नितीन स्वयंपाकघरामागच्या गेटाशी येऊन गाडीत बसले. मंजूनं मोगरा बाजूला सारून विचारलं, "दादा, बाबा कुठेत?"

"पुढच्या गेटाशी. वाटी घेऊन बसलेत."

"मग गाडी तिथे थांबेल ना?"

"नाही. दत्तूअण्णा म्हणतात, मजा जाते."

मंजूनं माझ्याकडे असं काही पाहिलं की फेट्याखाली मला दरदरून घाम फुटला. पुढच्या क्षणी ती दार उघडून खाली उतरली आणि शालू सावरत स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या ढिगाऱ्यातून, जेवणाऱ्या पंगतीच्या मधून पुढच्या दाराकडे धावली. मागोमाग नितीन. मी भांबावून घाम पुसायला खिशात हात घातला. हाताला रुमाल लागला. लाल.

गाडी सुटली.

मीही पंगतीतूनच पुढे धावलो. पोचलो तेव्हा बँड दणाणत होता, मोगऱ्यानं झाकलेली गाडी दिमाखात गेटातून बाहेर पडत होती आणि गच्चीवरून अण्णा चादरभर पाकळ्या तिच्यावर ओतत होते. लोक टाळ्या वाजवत होते, काही बायका डोळे पुसत होत्या. रिकाम्या सीटला असा निरोप जगात कुणी दिला नसेल.

सगळ्यांच्या पाठीमागे, गेटाच्या खांबाशी, मंजू बाबांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली होती, तळहात पुढे करून. बाबा डाव्या हातानं चमचा धरून दही ठेवत होते. अर्धं दही शालूवर सांडलं. तिनं तळहात चाटला. मग बाबा, शब्द ओढत ओढत, तेच म्हणाले जे ते प्रत्येक परीक्षेला म्हणत.

"घाई नको. प्रश्न... नीट वाच."

ड्रायव्हर पहिल्या सिग्नललाच काहीतरी विचारायला मागे वळला आणि मोगरा बाजूला करून बघतो तर कुणीच नाही. तो बिचारा घाबरून परत आला. तोवर बँडवाले जेवायला बसले होते आणि अण्णा गच्चीवरच अभिनंदनं स्वीकारत होते. मंजूची खरी पाठवणी आम्ही घरच्या चार माणसांनी, बिनबोभाट केली.

बाबा त्यानंतरची दिवाळी पाहू शकले नाहीत.

पुढल्या वर्षी मंजू आली तेव्हा तिनं बाबांसोबतचा त्या दिवशीचा फोटो मागितला. तो नव्हताच, कारण अण्णांनी फोटोग्राफरला आपल्याबरोबर गच्चीवर नेलं होतं. त्यांच्या दुकानात मात्र एक मोठी फ्रेम टांगलेली होती. पुढे चादर झटकणारे अण्णा, खाली पाकळ्यांत बुडालेली गाडी. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "आत आमची मंजू आहे. हमसून हमसून रडत होती." मी तिला तिथे घेऊन गेलो. आज एकदाचं सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेलो होतो.

"ही बघ तू," अण्णा गाडीकडे बोट दाखवून म्हणाले.

मंजू बराच वेळ फोटोकडे बघत होती. गाडीकडे नव्हे, खालच्या कोपऱ्याकडे. तिथे गेटाच्या खांबाला लागून नखाएवढी एक खुर्ची दिसत होती, तिच्यासमोर मोरपंखी शालूचा ठिपका आणि एक पुढे आलेला हात. इतके महिने झुंबरांच्या उजेडात ते टांगलेलं होतं आणि अण्णांना दिसलं नव्हतं. मलाही नाही, हे ओघानं आलंच.

"अण्णा, याची निगेटिव्ह देता?"

"घे की! म्हटलं नव्हतं, मेमरेबल करीन?"

मंजूनं स्टुडिओत तेवढाच कोपरा मोठा करून घेतला. चित्र फुटलंय, चेहरे ओळखू येत नाहीत; पण खुर्ची कळते आणि हात कळतो. तो तिच्या अमेरिकेतल्या बैठकीत आहे.

अण्णा शेवटपर्यंत सगळ्या जयनगराला सांगत राहिले, "अमेरिकेत माझा फोटो लावलाय." भेटले की माझ्याकडूनही खात्री करून घेत, "लावलाय ना रे?"

"सरी अण्णा," मी म्हणत असे.

गाडी, बँड, पाकळ्या आणि अण्णा, एवढं सगळं कापूनच तो लावलाय.