बघण्याच्या कार्यक्रमातली इंग्रजी

अठ्ठावीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि उन्हाळा आला की बोर्डाचे पेपर तपासले. याचा एक परिणाम असा झाला, की बऱ्याच शब्दांचं खरं स्पेलिंग मला आता आठवत नाही. चुकीचं इतक्यांदा डोळ्यांखालून जातं, की तेच ओळखीचं वाटायला लागतं. 'सेपरेट' लिहिताना माझं पेन आजही थांबतं. नातेवाइकांत मात्र इंग्रजीचा निकाल माझ्याच तोंडून लागतो.

माझी बहीण नेकनूरजवळ राहते. तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. भाचीचं बी.एड. झालेलं. लग्नानंतर शिकवायला मिळणार असेल तरच पाहुण्यांसमोर बसते, असं तिनं आईला बजावलं होतं. मुलगा परळीला नोकरीला. त्याचे काका तिकडच्याच एका इंग्लिश स्कूलचे संस्थापक अध्यक्ष. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे, वर्ग कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये भरतात. काकांनी निरोप धाडला होता : नोकरी घरच्याच शाळेत देऊ, फक्त मुलीचं इंग्रजी बघू.

काका स्वतः भाषणात इंग्रजी शब्द पेरतात. अर्थ मागे राहिला तर त्याच्यासाठी थांबत नाहीत. प्रमुख पाहुण्यांना ते 'आपले सो-कॉल्ड साहेब' म्हणतात आणि साहेब हात जोडतात.

पोहे झाले. काका म्हणाले, "लिहा बाई, मेंटेनन्स."

भाचीनं बायोडाटाच्या पाठीमागे लिहिलं. काकांनी कागद लांब धरून पाहिला.

"मेंटेनच्या शेवटी ए-आय-एन येतं. तुमी तिथं ई घातला."

"तिथं ईच असतो," भाची म्हणाली.

"ईच?" काका हसले. "मामा बसलेत की. सर, तुमीच सांगा."

मी कागद पाहिला. तिचं बरोबर वाटलं. मग काकांचं डोळ्यांपुढे आणलं. तेही बरोबर वाटलं. वर्गात अडकलो की मी जे म्हणत आलो, तेच म्हणालो : "दोन्ही चालतं. हिचं ब्रिटिश, तुमचं अमेरिकन."

"मग झालं तर," काका म्हणाले. "आपली शाळा इंटरनॅशनल. फळ्यावर अमेरिकनच लिहायचं. लिहाल ना?"

"लिहील की," दाजी, म्हणजे मुलीचे वडील, घाईनं म्हणाले.

"न्हाई," भाची म्हणाली. "चुकीचं कसं लिहू? बघा की फोनमध्ये."

खोलीत आठ-नऊ फोन असतील. एकही बाहेर आला नाही. बघण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं चुकत नसतं. जो फोन काढेल तो पाहुण्यांची चूक काढणार, हे प्रत्येकाला कळत होतं. दाजी पंख्याकडे बघत होते. आत बहिणीनं कपबश्या विसळायचं थांबवलं. भाचीची नोकरी आणि सोयरीक दोन्ही हातच्या जायच्या बेतात होत्या आणि मी सतरंजीचे पट्टे मोजत होतो. माझाही फोन खिशातच होता, चार्ज केलेला.

मुलगा काकांच्या शेजारीच बसला होता. त्यानं फोन काढला, टाइप केलं, वाचलं आणि परत खिशात ठेवला.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"काका, मला मुलगी पसंत हाय."

"ते झालं. स्पेलिंगचं काय?"

"फळ्यावर त्या लिहितील ते. आपण कुठं वर्गात असतोय."

काकांनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा सर, आमी जबरदस्ती करत न्हाई."

भाचीनं कागद त्यांच्या हातातून घेतला आणि सरळ मुलालाच विचारलं, "उद्या शाळेतून कुणी चूक काढली तर?"

"मी बघितलंय ना फोनमध्ये," तो म्हणाला.

तिनं दाराआड उभ्या असलेल्या आईकडे पाहून होकाराची मान हलवली. दाजींनी पेढ्यांचा पुडा मागवला.

पाहुणे गेल्यावर ती सतरंजी गुंडाळताना म्हणाली, "मामा, तुमी कावून न्हाई काढला फोन?"

"पाहुणे माणसं," मी म्हणालो. "बरं दिसलं नसतं."

"त्याचे तर सख्खे काका होते," ती म्हणाली, आणि कपबश्या उचलून आत गेली.