तिप्पण्णांनी अर्धंच बघितलेलं वादळ

आमच्या गल्लीत अशी आवई आहे, की तिप्पण्णा रंगारी वादळाच्या पिक्चरला घाबरून मध्यांतराच्या आधीच थेटरातून पळाले. पानवाल्याच्या मते तर चपला तिथंच सोडून.

ते पळाले, एवढं खरं. चपला पायात होत्या, आणि ज्या वादळाला भिऊन पळाले ते पडद्यावरचं नव्हतंच.

तिप्पण्णांचा सूत रंगवायचा छोटा कारखाना घरामागेच आहे. रंगवलेल्या ओल्या लडी गच्चीवर बांबूंना टांगून वाळवतात. ओल्या सुतावर धूळ बसली की रंग मळतो. पुन्हा रंगवला तरी पहिल्यासारखा येत नाही. म्हणून गेली तीस वर्षं हा माणूस कुणाशीही बोलताना मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे ठेवतो. समोरच्याला वाटतं, हे आपलं ऐकत नाहीत. खरंच ऐकत नाहीत. त्यांची ही मान मी इतकी हुबेहूब करते, की लग्नाकार्यात मला मुद्दाम बोलावतात.

त्या रविवारी गच्चीवर त्यांच्या लेकीच्या, दाक्षायणीच्या लडी होत्या. बापाचा हात न लागता एकटीनं रंगवलेला तिचा पहिला लाल. “अप्पा, तुम्ही घरात असलात की सल्लेच देत बसता,” म्हणत तिनं त्यांना माझ्याबरोबर पिक्चरला पिटाळलं.

वादळाच्या मागं लागणाऱ्या मंडळींचा तो परदेशी पिक्चर, हिंदीत बोलणारा, भाग दुसरा. पहिला तिप्पण्णांनी टीव्हीवर तीनदा बघितलेला. त्यामुळे तपासणी नावं पडतानाच सुरू झाली.

“गाडी घेऊन वादळामागं कशाला पळलालेत हे? थांबा की घरात. ते आपणच येतंय!”

पुढचा एकजण वळून बघायला लागला. यांना त्याचं काय?

“पैल्या भागात वारा यायच्या आधी सगळं गप झालतं. ते खरं. हितं नुसता आवाज. अन् ते बघ, अख्खी गुरं उडाली, मागं दोरीवरची चादर जागची हलंना! चिमटे कुटनं आणले म्हणायचे ह्यांनी?”

तेवढ्यात कुणीतरी पॉपकॉर्न घेऊन दार उघडलं. एसीच्या गारव्यात बाहेरच्या हवेचा एक झोत आला. तिप्पण्णांनी नाक वर केलं आणि ते भर थेटरात उभं राहून ओरडले, “सूत काढा!”

नेमका त्याच वेळी पडद्यावर ढग भरून आलेला. थेटर खदखदून हसलं. आवई जन्मली ती तिथंच.

मी फोन पुढं केला. “काका, बसा. ऊन दाखवतंय, रात्रीपर्यंत कोरडं.”

“धुळीचा वास आला मला.”

“पॉपकॉर्नचा असेल.”

“लावतीस पैज? हरलीस तर आठ दिवस माझी नक्कल बंद.”

“आणि तुम्ही हरलात तर?”

“आठ दिवस दाक्षायणीला एकबी सल्ला न्हाय.”

त्यांच्या जिवावर आलं होतं, दिसत होतं.

बाहेर कडक ऊन. मी मनात हसत होते. दाक्षायणी फोन उचलेना. सिग्नलला स्कुटर थांबवून तिप्पण्णा “बेगा, बेगा” म्हणजे लवकर, लवकर म्हणत राहिले, जसं काही लाल दिव्याला कानडी कळतं.

“अप्पा! पिक्चर तरी पुरा बघायचा की!” गच्चीवर दाक्षायणी भडकली. “एवढं ऊन पडलंय अन् सूत काय काढता?”

“मागनं भांड. आधी काढ.”

ती फणफणत, मी खिदळत, तिघांनी लडी उतरवल्या. शेवटचा बांबू जिन्यात घेतला आणि सगळं गप झालं. कावळासुद्धा. मग मावळतीकडून जो वारा सुटला, समोरच्यांची प्लास्टिकची टाकी आमच्यादेखत गच्चीवरून गेली. धुळीत रस्ता दिसेना.

तिप्पण्णांनी एक लड उजेडाला धरली. उलटी केली, सुलटी केली. दाक्षायणी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी.

“माझ्या लालपेक्षा बरा आलाय,” ते म्हणाले.

तिनं घाईनं विषय बदलला. “पिक्चर कसा होता?”

“शंभरात पन्नास. अर्धाच बघितला की.”

हे असलं वाक्य मिळाल्यावर राहवतंय होय? मी मान तिरकी केली, एक डोळा वर नेला, तोंड उघडलं.

“हां!” तिप्पण्णांनी बोट दाखवलं. “आठ दिवस.”

तोंड मिटलं. लिहायचं नाही, असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.