नाकातलं शिसं

गल्लीत त्यांना कवळीवाले म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी तीन डॉक्टरांसाठी दात बनवले. डॉक्टर तोंडात बघायचे, माप घ्यायचे आणि श्रेयही घ्यायचे. कवळीवाले मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी ॲक्रिलिक यांच्या संगतीत बसलेले असायचे. शहरातली बरीचशी म्हातारी माणसं त्यांच्या दातांनी हसत होती आणि रस्त्यात भेटली तर त्यांना ओळखत नव्हती. कवळीवाल्यांना त्याचं वाईट वाटत नसे. चांगली कवळी म्हणजे जी कवळी आहे हे कुणाला कळत नाही ती, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं.

उरलेला वेळ विमानांचा. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते चौकटीपासून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. वयाच्या चौदाव्या वर्षी लागलेलं हे वेड निवृत्तीनंतर कमी होईल असं बायकोला वाटत होतं. ते वाढलं. कपाटावर, टीव्हीवर, फ्रिजवर मिळून साठ विमानं झाली.

"घरात साठ विमानं," ती पाहुण्यांना सांगे, "आणि मला एकदाही कुठे उडवून नेलं नाही."

साठांपैकी एकावरही सही नव्हती, हे दुखणं मात्र पाहुण्यांना सांगण्यासारखं नव्हतं. सही म्हणजे दादांची. कवळीवाल्यांचे थोरले भाऊ खऱ्या विमानांच्या हँगरमध्ये एकतीस वर्षं होते, आधी मेकॅनिक आणि मग तपासनीस. त्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. वैमानिक चिडत, वरचे साहेब चिडत, दादा चहा पीत. धाकट्याने पहिलं विमान दाखवायला नेलं तेव्हा दादा नुकतेच नोकरीला लागले होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पंखावर डिंकाचा अंगठा उमटलाय तुझा. अंगठा अडाणी माणूस लावतो. मी सही करत नाही." त्यानंतर प्रत्येक विमान त्यांच्यासमोर ठेवलं गेलं. प्रत्येक वेळी दादा विचारत, "काही दुरुस्ती?" कवळीवाले अभिमानाने म्हणत, "छे! काही नाही." दादा म्हणत, "ठीक आहे," आणि सही करत नसत.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने दादांची नजर गेली. तपासणी थांबली नाही, फक्त बोटांनी होऊ लागली. ती जास्त कडक होती. आता शनिवारी सकाळी दादांची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होती, दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब.

म्हणून कवळीवाल्यांनी सत्तावीस वर्षं जपलेलं खोकं उघडलं. त्यात दादांचंच विमान होतं. दोन इंजिनांचं मालवाहू, पुढे एक चाक, मागे दोन. दादांनी सगळी नोकरी त्याच्या पोटाखाली उभं राहून काढली होती. किट बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, साचे भंगारात गेले होते. म्हणजे चूक झाली तर दुसरं मिळणार नव्हतं.

बुधवारी दुपारी शेवटचं चाक वाळलं. कवळीवाल्यांनी विमान टेबलावर ठेवलं. त्याने क्षणभर विचार केला, मग सावकाश नाक वर केलं आणि शेपटी टेकून रुसलेल्या जावयासारखं बसून राहिलं.

कवळीवाल्यांना लगेच कळलं. पुढे चाक असलेल्या विमानाची शेपटी जड होते. म्हणून दोन अर्धी अंगं चिकटवण्याआधी नाकात शिसं भरायचं असतं. सूचनांच्या कागदावर ते चौथ्या चित्रात दाखवलेलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर आठ हौशी म्हातारे जमत, त्यांना कवळीवाले दर वेळी बजावत, "आधी नाकात शिसं, मग बाकीचे लाड." आणि या वेळी ते स्वतः लाडांत रमले होते. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे रंगवण्यात त्यांनी दोन दिवस घालवले होते. अंग बंद झाल्यावर ते पट्टे कुणालाच दिसणार नव्हते, आणि दादांना तर मुळीच नाही.

बायको चहा घेऊन आली आणि विमानाकडे बघत उभी राहिली. "असं का बसलंय हे?"

"नाकात वजन घालायचं राहिलं."

"मग शेपटीखाली काडी लावा."

"दादा हात फिरवेल."

"मग दोऱ्याने टांगून द्या. उडतंय म्हणा. विमान उडायचंच असतं ना?"

सल्ला वाईट नव्हता. वाचनालयाच्या माडीवरच्या निम्म्या विमानांची अब्रू दोऱ्यावरच टांगलेली होती. कवळीवाल्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. मग कप खाली ठेवला.

"नाही. चाकांवर उभं राहील."

चाकाच्या खळग्यातून शिसं आत सोडावं तर खळगा आतून बंद होता. उरला एकच मार्ग. गुरुवारी सकाळी त्यांनी कपाटातून केसासारखं बारीक करवतीचं पातं काढलं आणि वैमानिकाच्या खिडकीमागच्या रेघेवरून विमानाचं नाक कापलं.   मासेमारीच्या दुकानातून गळाला लावायचे शिशाचे मणी आणले होते. कापण्याआधीच एकेक मणी तात्पुरता नाकावर चिकटवत, शेपटी उचलेपर्यंत मोजले होते. सव्वीस भरले.

"नाकापेक्षा मोती जड," बायको जाता जाता म्हणाली.

"इथे तेच हवंय," कवळीवाले म्हणाले.

मणी आत पक्के केले, नाक जोडलं, सांध्यात भेगा बुजवायची लांबी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. हे काम त्यांना जन्मभराचं. तुटलेली कवळी जोडली की जिभेला भेग लागता कामा नये, आणि जिभेसारखा खवचट तपासनीस जगात नाही. शुक्रवारी दुपारी, रंग लावण्याआधी, त्यांनी डोळे मिटून जोडावरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. तरी समाधान होईना. दाराकडे एकदा बघून त्यांनी जोडावरून जीभ फिरवली.

"अहो," दारातून आवाज आला, "आता विमानं चाटायला लागलात?"

संध्याकाळी रंग सुकल्यावर ते विमान घेऊन दोन गल्ल्या पलीकडे दादांकडे गेले. खोलीतलं सामान बांधून झालं होतं. दादा दोरी बांधलेल्या पेटीवर बसले होते.

"आण," ते म्हणाले. बोटं शेपटीपासून निघाली. "मालाचं दार बरोबर. इंजिनं बरोबर." त्यांनी विमान टेबलावर ठेवलं, शेपटी दाबली, सोडली. पुढचं चाक टक् करून टेकलं. दादांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "काही दुरुस्ती?"

"छे! काही नाही."

बोटं नाकाशी आली आणि थांबली.

"इथे काय केलंस?"

"कुठे?"

"लहानपणी काच फोडायचास तेव्हाही 'कुठे' असंच विचारायचास."

"जोड लागतोय का हाताला?"

"नाही लागत. तेच म्हणतोय. खिडकीमागे पत्र्याच्या सांध्याची गोल रेघ असते. एकतीस वर्षं हात फिरवलाय मी तिच्यावरून. ती कुठे गेली?"

कवळीवाल्यांनी रेघेवरच कापलं होतं आणि मग आयुष्यभराच्या सवयीने, कुणाला कळू नये म्हणून, रेघेसकट सगळं गुळगुळीत करून टाकलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी शिशापासून सगळं सांगितलं. चाटण्याचं तेवढं गाळलं.

"शेपटीवर बसलं?" दादांनी विचारलं.

"बसलं."

"खरं विमानही बसायचं. माल मागून आधी चढवला की नाक वर. आम्ही शेपटीखाली टेकू लावायचो."

कवळीवाल्यांनी ही माहिती बायकोला न सांगण्याचं ठरवलं.

"साठ वेळा तुला विचारलं, काही दुरुस्ती?" दादा पुढे म्हणाले. "साठ वेळा म्हणालास, काही नाही. अरे, दुरुस्ती न झालेलं विमान माझ्यासमोर कधी आलंच नाही. दुरुस्ती लिहून आणली की तपासून सही. लपवून आणली की सही नाही. नियम होता."

"मग पंचावन्न वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस!"

"तपासनीस उत्तरं सांगत नसतो. लिही."

सोबत आणलेल्या सूचनांच्या कागदाच्या पाठीवर कवळीवाल्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "शिसं विसरलो. नाक कापलं. सव्वीस मणी घातले. परत जोडलं. रेघ बुजली."

"रेघ परत कोर. मग बघू."

"दादा, रंग लागलाय आता. सुई सरकली तर नाकाचा सत्यानाश होईल."

"मग सरकू देऊ नकोस."

कवळीवाले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. चिकटपट्टीची कड नाकाभोवती लावली, खिशातली कोरायची सुई काढली आणि दर वेळी केसभर खोल जात, श्वास धरून, पूर्ण फेरी मारली. पाऊण तास लागला. दादा शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत, ही त्यांच्याकडून झालेली मोठीच मदत होती.

मग दादांनी रेघेवरून एकदा नख फिरवलं. पुन्हा एकदा. हात पुढे केला. "पेन."

कवळीवाल्यांनी विमान उलटं धरून त्यांचा हात पंखाखाली नेऊन ठेवला. सही पंखावर सुरू झाली आणि तिचा शेवटचा फराटा थेट इंजिनावर गेला. कवळीवाल्यांनी तो पुसायला रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला.

"सही झाली," दादा म्हणाले. "आता ते जागचं हलू शकतं."

शनिवारी सकाळी पुतणीच्या गाडीतून विमान हललं, चपलांच्या खोक्यात, दादांच्या मांडीवर.

घरी येऊन कवळीवाल्यांनी कपाटावरचं सगळ्यात जुनं विमान काढलं, एक कोरा कागद घेतला आणि वर 'दुरुस्ती' असं लिहून खाली रेघ मारली.

"आता हे काय?" बायकोने विचारलं.

"साठही लिहून काढायची. मग त्याला नेऊन दाखवायची."

"तिकडे? दोन दिवसांचा प्रवास आहे तो!"

"मग दोन तिकिटं काढू."

"विमानाची?"

कवळीवाल्यांनी पंखावरच्या अंगठ्याच्या ठशाकडे नीट पाहिलं आणि लिहायला सुरुवात केली.