सासू, सून आणि क्लचवाले मामा

जगातली निम्मी भांडणं क्लचच्या पेडलखाली सुरू होतात आणि तिथंच मिटवता येतात, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे क्लचवाले मामा. तसे ते माझे कोणी नव्हेत. माझे सख्खे मामा मालवणात होड्या रंगवतात. सातवीत शाळा सोडली, पुढं गाडी शिकलो, आणि लायसन मिळाल्यावर ओळखीच्या मासेवाल्याच्या शब्दावर मी इतक्या लांब पूर्णा गावच्या शेठकडे पिकअप चालवायला आलो, तेव्हा या मुलखात मला ‘जेवलास का’ असं विचारणारं कोणी नव्हतं. क्लचवाल्या मामांनीही विचारलं नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं ते असं : “समुद्र सोडून धरणाचे मासे वाहायला आलास? अक्कल काय तिकडंच ठिवलीस का?”

नांदेडच्या वाटेवर, चुडाव्याला रस्त्याकडेला त्यांची पत्र्याची शेड. इंजिन, ब्रेक सगळं येतं, पण जीव क्लचवर. गाडी घेऊन कोणीही आलं की त्याला आधी सासू-सुनेची गोष्ट ऐकावी लागते. पेडलपाशी बसवलेला वरचा सिलिंडर, ज्याला सगळे मास्टर म्हणतात, ती सासू. खाली गिअरबॉक्सला चिकटलेला धाकटा सिलिंडर, ती सून. दोघींच्या मधे तेलाची नळी. “सासूनं दाबलं की सुनंनं ढकलायचं, मग गिअर पडतो. नळीत हवा शिरली का समजायचं, शेजारीण येऊन बसली. मग निस्ती कुजबुज, काम न्हाई.” हे ते लग्नाच्या वऱ्हाडाची जीप अडलेली असतानाही पूर्ण सांगतात. एकदा नवऱ्या मुलाचे वडील हात जोडून उभे होते, तर मामा म्हणाले, तुमच्या घरी उद्या सूनच येणार हाय, ऐकून ठिवा.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे साबण. मामा दिवसभर काळ्या हातांनी चहा पितील, त्याच हातांनी तंबाखू मळतील, पण सिलिंडर उघडायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतात. शेडच्या खांबाला दोरीनं बांधलेली त्यांची वडी दुसऱ्या कोणी वापरायची नाही. आतलं रबर म्हणजे तान्हं लेकरू, त्याला डिझेलचा हात लावायचा नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं मदत करायला म्हणून नवं रबर उचलून दिलं, तर मामांनी रबरांचं ते सगळं किट उकिरड्यावर फेकलं आणि नवं आणायला त्यालाच पूर्णेला पिटाळलं.

आणि तिसरी गोष्ट मासे. मामा लिंगायत, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. गाडीखाली सरकताना ती डबी आधी सदऱ्याच्या आत जाते, मग मामा. मासळीचा वास त्यांना सोसत नाही. म्हणून माझी पिकअप शेडमधे घ्यायची नाही, पलीकडं लिंबाखाली उभी करायची. मग मामा कापूर ठेवलेला रुमाल नाकाला बांधून, दरोडेखोरासारखे रस्ता ओलांडून येणार.

या तिन्ही गोष्टी मी पहिल्यांदा पाहिल्या त्या माझ्या पहिल्याच आठवड्यात. येलदरी धरणावरून मासे भरून नांदेडकडे निघालो होतो. चुडाव्याजवळ पेडल दाबलं ते वर येईना. पायाची बोटं खाली घालून उचलावं, तेव्हा यायचं. गिअर खर्रकन ओरडायला लागला. गाडी कशीबशी मामांच्या शेडपलीकडच्या लिंबाखाली आणली. बर्फ वितळायला लागला होता, म्हणून शेठना फोन केला. त्यांनी दुसरा टेंपो पाठवून मासे पुढं नेले आणि स्वतः मोटारसायकलवर आले. आल्या आल्या बोलले, गाडी तयार करून तुझ्या हातात दिली होती, तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस, क्लच खाल्लास. आता मिस्त्रीनं तसंच सांगितलं तर उद्या गावाकडचा रस्ता धर. गावी काय सांगणार होतो? आठवडाभरात परत आलेला माणूस काहीही सांगो, कोण ऐकतो.

मामांनी तर आल्या आल्या शेठचीच री ओढली. खोट आधी ड्रायव्हरच्या पायात शोधायची, हा त्यांचा नेमच होता. मला चप्पल काढायला लावली, तळवा बघितला, पेडलवरचं रबर बघितलं. मग म्हणाले, “पोरगं कोकणातलं, घाटात उतरताना पाय ठिवायची सवय आसंल.” शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

मग मामांनी हात धुतले. मास्टर सोडवला, लॉक काढून पिस्टन बाहेर ओढायला गेले, तर तो येईचना. आला तेव्हा त्याच्यावरचं रबर पाण्यात पडलेल्या पावासारखं फुगलेलं. ते आत अडकून बसत होतं, म्हणून पेडल परत येत नव्हतं. मामांनी हॉटेलातून काचेच्या दोन ग्लासांत पाणी मागवलं. एकात आपल्या डब्यातलं ब्रेक ऑइल थेंबभर टाकलं, क्लचलाही तेच लागतं, ते पाण्यात विरघळून गेलं. दुसऱ्यात आमच्या गाडीतलं टाकलं. ते वर तरंगत राहिलं, भाजीवरच्या तर्रीसारखं.

“शेठ,” रुमालाआडून मामा सावकाश म्हणाले, “सासूला कुणीतरी परकं तेल पाजलंय. पोराचा पाय साफ हाय.”

शेठनी तो ग्लास उचलून उजेडात धरला. मग हळूच विचारलं, “ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल चालत न्हाई का?”

“चालतंय की. ट्रॅक्टरला.”

शेठचे तीन ट्रॅक्टर दुरुस्तीला मामांकडंच येत, एवढं मोठं गिऱ्हाईक, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच झालं की शेठनी माझ्यासाठीही चहा सांगितला, आणि गावाकडच्या रस्त्याचा विषय परत निघाला नाही. मामांनी सासूचं आणि सुनेचं, दोघींचं रबर बदललं, रबरी नळी नवी टाकली, लोखंडी नळी धुऊन काढली, सिलिंडर आतून बारीक पॉलिश पेपरनं घासला. शेवटी नळीतली हवा काढायला मला सीटवर बसवून स्वतः खाली गेले. खालून आवाज यायचा : दाब. धर. सोड. ‘धर’ म्हटलं की खाली हवा सोडायचा निप्पल ढिला व्हायचा, बुडबुडे निघायचे, आणि मी श्वाससुद्धा धरून बसायचो. “श्वास सोड की,” खालून आवाज आला, “त्याची हवा न्हाई काढायची मला.”

आता मामांचे गुडघे वाकत नाहीत. नव्या गाड्यांचे सिलिंडर प्लॅस्टिकचे, बिघडला की अख्खा बदलायचा. सासू-सुनेची गोष्ट ऐकायला कोणी थांबत नाही. पण माझी पिकअप तीच आहे, आणि परवा पेडल पुन्हा मऊ लागलं म्हणून मी चुडाव्याला थांबलो. मी हात धुतले, त्यांच्याच वडीनं, आणि पाणी त्यांनी ओतलं. नवं किट मीच बसवलं. मग मी खाली गेलो आणि मामा सीटवर बसले, माशांच्या गाडीत, नाकाला रुमाल न बांधता.

“दाबा,” मी म्हणालो. “धरा, मामा.”

त्यांनी धरलं. बुडबुडे केव्हाच संपले होते, नळीतून नितळ तेल येत होतं. निप्पल आवळून झाला, तरी मामा आणखी थोडे माझ्या गाडीत बसावेत म्हणून ‘सोडा’ म्हणायला मी जरा उशीरच केला.