वाटेवरची लाल गाठोडी

आमच्या घरात कोणी कोणाला कधीच काही गुंडाळून दिलं नाही, कारण गुंडाळावं असं काही घरात नव्हतं. कागदात बांधलेली एकच वस्तू यायची, ती म्हणजे किराणा दुकानातली तूरडाळ. डाळ डब्यात गेली की माय तो वर्तमानपत्राचा तुकडा हातानं सारखा करून गादीखाली ठेवायची आणि मी तो काढून वाचायचो. माझं निम्मं सामान्यज्ञान तुरीच्या डाळीतून आलेलं आहे! दादा, म्हणजे माझे वडील, तिसरीपर्यंत शिकले, तेही म्हशींच्या सोयीनं. माय शाळेत गेलीच नाही. मी अकरावीला असताना एका दुपारी तिला पाटीवर माझं नाव लिहायला शिकवलं, 'दत्ता'. ते गिरवून झालं आणि ती म्हणाली, "बस. इतकं पुरं मला." त्यानंतर तिनं काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. हे मी लाजून सांगत नाही, छाती काढून सांगतो. भोकरदनच्या एका इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि गावाला शहाणं करायचं कामही अंगावर घेतलं. आमच्या हसनाबादच्या पारावर मी एकदा भाषण ठोकलं होतं, "उतारा म्हणजे काय? फुकट गेलेलं लिंबू!" (लोक हसले होते. पण घरी जाताना तिठा चुकवून गेले होते.)

नोकरी मात्र कच्ची होती. डिसेंबरात मोठ्या मॅडमनी बोलावलं.

"सर, नर्सरीचा ख्रिसमस तुमच्याकडं. चाळीस डबे पॅक करायचे, प्रत्येकावर मुलाचं नाव, आणि सांताक्लॉज तुम्हीच. संस्थेचे अध्यक्ष येणारेत. तुमच्या पर्मनंटचं त्यांच्याच हातात आहे. गिफ्ट पॅकिंग येतं ना?"

"येतं की!" मी म्हणालो. पदवीधर माणसाला काय येत नाही?

मला येत नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी ओसरीवर चाळीस प्लॅस्टिकचे डबे, चमकीच्या लाल कागदाची गुंडाळी आणि चिकटपट्टी घेऊन बसलो. आधी प्रत्येक डब्यावर माझ्या वळणदार अक्षरात नावाची चिठ्ठी चिकटवली. इथवर सगळं छान झालं. मग कागद कापायला घेतला. पहिला तुकडा डब्याला तोकडा पडला. दुसरा इतका मोठा, की त्यात डबा हरवला. चिकटपट्टीचं टोक सापडेना, सापडलं ते माझ्या मिशीला! अकरा डबे झाले आणि कागद संपला. त्या अकरांतले सहा तर आतून कोणीतरी फाडून बाहेर यायच्या बेतात असल्यासारखे दिसत होते.

माय ज्वारी निवडता निवडता बघत होती. "काय करून राह्यला रे दत्त्या? कागदाला काय गाठ बसती का? कापड घे."

"माय, ख्रिसमस हाय तो. ओटी भरायची न्हाई."

"मंग काय असतं त्याच्यात?"

"सगळं लाल असतं. आन् घरातले बी एकमेकाला गिफ्ट देतात."

"तुला कोण देतं?"

"मला कशाला? मी सांता हाय!"

माय परत ज्वारी निवडायला लागली. मी कागद शोधायला बाहेर पडलो. गावातल्या तिन्ही दुकानांत वहीच्या खाकी कव्हराशिवाय काही मिळालं नाही. दोन तासांनी परत आलो तर ओसरी झाडलेली, आणि खताचं एक पोतं तोंड शिवून भिंतीला टेकवलेलं.

"झालं समदं बांधून," माय म्हणाली. "आता उसवू नको. सकाळी तुझे दादा दुधासंगं नेऊन टाकतेन शाळंत."

काय बांधलं, कशात बांधलं, मी विचारलं नाही. आपलं काम दुसऱ्यानं केलं की त्याची तपासणी करायची नसते, हे मी नोकरीत शिकलो होतो.

सकाळी दादा दुधाच्या कॅनांवर पोतं बांधून मोटारसायकलवर पुढं गेले. मी अर्ध्या तासानं काकाच्या जुन्या मोपेडवर निघालो. थंडी कडक, म्हणून सांताचा भाड्याचा ड्रेस घरूनच घातला. लाल अंगरखा, लाल टोपी, कापसाची दाढी. (बूट सेटमध्ये नव्हते. चप्पल माझीच.)

गाव सुटलं आणि धुकं सुरू झालं. असं धुकं मी आमच्याकडं त्याआधी पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची तुरीची शेतं गेली, विजेचे खांब गेले, मोपेडचं पुढचं चाकसुद्धा मधूनच जायचं. कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. बैल दिसत नव्हता. घंटा माझ्याबरोबर चालत होती.

पहिल्या पुलावर ते दिसलं.

पुलाच्या कठड्याशी, अगदी मधोमध, लाल कापडाचं छोटं गाठोडं. वर हळदीकुंकवाची बोटं. भोवती दोन-चार तांदळाचे दाणे.

मी विज्ञानाचा माणूस. म्हणालो, असेल कोणाचा उतारा. आणि मोपेड कठड्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब नेली. (विज्ञानात सुरक्षित अंतराला महत्त्व आहे.)

पुढच्या तिठ्यावर दुसरं गाठोडं. तसंच लाल, तशीच बोटं. त्यापुढच्या पुलावर तिसरं. घंटा थांबली होती. मला आठवेल तेवढं सगळं पाठांतर आठवायला लागलो, पण न्यूटनचे नियम सोडून काही आठवेना! तिसऱ्या नियमापाशी आलो आणि अंगावर काटा आला. एवढे उतारे एका ओळीत, एकसारख्या अंतरानं, माझ्याच वाटेवर. कोणीतरी माझ्या पुढं पुढं चाललं होतं आणि माझ्यासाठी ठेवत होतं.

जुन्या चिंचेपाशी मोपेड बंद पडली. आपोआप. चिंचेखाली गतिरोधक, आणि गतिरोधकाच्या पलीकडं चौथं गाठोडं. हे पांढऱ्या रुमालाचं होतं. त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. लाल, ओलसर, वाकड्यातिकड्या अक्षरात. मी वाकलो.

'दत्ता'.

रक्त गोठणं म्हणतात ते खोटं असतं. रक्त पळतं, तेही आपल्या आधी! मी पायातली चप्पल काढली, डोळे मिटले आणि त्या गाठोड्यावर सणसणीत हाणली. एक, दोन, तीन! आतून काहीतरी कचकन मोडलं. हाडासारखं. मी मोपेड ढकलत, एका पायात चप्पल, एक चप्पल हातात, धुक्यात पळत सुटलो.

फाट्यावर माणसं दिसली आणि जिवात जीव आला. सात-आठ जण गोल उभे होते. मधोमध पाचवं गाठोडं. त्यांनी वर पाहिलं. आणि त्यांना काय दिसलं? पांढऱ्या धुक्यातून लाल कपड्यांचं, पांढऱ्या दाढीचं, हातात चप्पल घेतलेलं काहीतरी धापा टाकत येतंय!

"आला रे आला! ठेवणारा आला!"

चौघं बांधावरून उडाले. एका बाईनं लेकराला पदराखाली घेतलं. फक्त एक म्हातारे बाबा काठी रोखून उभे राहिले. पळायला गुडघे साथ देत नव्हते, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

"कोण हायेस तू? खरं बोल!"

"मी... मी सांताक्लॉज!"

"कोन्त्या गावचा?"

"हसनाबादचा!"

बाबांनी जरा विचार केला. "हसनाबादला मपली लेक दिलेली हाय. तिथं ह्या आडनावाचं कोणी न्हाई."

"बाबा, मी मास्तर हाय! दाढी कापसाची हाय! मला बी मागं चार दिसले असले. एकावर तर माझंच नाव हाय!"

"नाव?" बाबांचा आवाज खाली गेला. "मंग ही जबर करणी हाय. थांब, ह्याच्यात काय हाय बघू." त्यांनी काठीच्या टोकानं गाठ सोडवली. कापड उलगडलं. तांदूळ सांडले, एक सुपारी घरंगळत माझ्या उघड्या पायापाशी येऊन थांबली. आत निळा प्लॅस्टिकचा डबा. डब्यावर चिठ्ठी.

"वाच रे कोणी," बाबा म्हणाले.

"आरोही," कोणीतरी बांधावरून वाचलं. "नर्सरी."

"अरारा! लेकराच्या नावानं!" ती बाई किंचाळली. "कोण्या मेल्याचं अक्षर हाय हे?"

अक्षर वळणदार होतं. अतिशय सुंदर होतं. माझं होतं.

मग सगळा उलगडा एकदम अंगावर कोसळला. चमकीचा कागद संपल्यावर मायनं पेटी उघडली होती. लग्नाकार्यात ओटीत आलेले, एकीकडून दुसरीकडं फिरत राहणारे ब्लाऊजपीस आमच्या पेटीत कायम असतात. त्यातले लाल तेवढे निवडून तिनं एकोणतीस डबे बांधले. लेकराच्या हातात कोरं देऊ नये म्हणून हळदीकुंकू, तांदूळ, सुपारी. पोत्याचं बूड उंदरानं कुरतडलेलं. दादांची गाडी पुलावर किंवा गतिरोधकावर आदळली, की एक गाठोडं खाली! आणि आमच्याकडं पूल आणि तिठे सोडून रस्ता आदळतो कुठं? म्हणजे उतारा ठेवतात बरोबर तिथंच.

पण आता भीती वेगळी होती. शाळेत चाळीस पोरं, अध्यक्ष आणि गळकं पोतं. मी उलटा फिरलो. बाबांनी फाट्यावरच्या सायकलच्या दुकानातून पिशवी आणून दिली, हात मात्र कोणी लावला नाही. मी एकटाच गाठोडी गोळा करत मागं गेलो. धुकं विरायला लागलं होतं आणि बांधाबांधावर माणसं उभी होती. एक लाल अंगरख्याचा दाढीवाला येतो, उतारे उचलतो, पिशवीत घालतो, हे सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. आजही त्या फाट्यावर पोरं जेवली नाहीत की आया सांगतात, "लाल बाबा पिशवीत घालून नेईल."

चिंचेखालचं पांढरं गाठोडं परत येताना, सगळ्यांत शेवटी उचललं. त्यावर माझ्या चपलेचा ठसा होता. गाठ सोडली. आत तिळाचे लाडू होते. होते, म्हणजे आता भुगा होता. वर कुंकवात बोट बुडवून लिहिलेलं माझं नाव. तिला येणारा तेवढा एकच शब्द.

मी तिथंच बसून तो भुगा खाल्ला. दाढीला तीळ चिकटले. ते तसेच घेऊन शाळेत गेलो.

पोरांनी चमकीचे कागद फेकून दिले आणि गाठोड्यांवर झडप घातली. गाठ सोडायची, सुपारी उडवायची, कापड डोक्याला बांधायचं! मॅडमनी विचारलं, "सर, ही कल्पना कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. (माणूस पदवीनं खरा होत नाही.) मग दाढीतला एक तीळ ओठावर आला आणि मला राहवलं नाही. "न्हाई मॅडम. मायची."

अध्यक्ष हसले. मार्चमध्ये मी पर्मनंट झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, पहिला पर्मनंट नोकरदार, आणि आयुष्यातलं पहिलं गिफ्ट चपलेनं बडवून काढणारा बहुतेक अख्ख्या तालुक्यातला पहिला!